खूण न ठेवणारा आजार

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाची अँजिओग्राफी होते आणि 'ब्लॉकेज नाही' असा रिपोर्ट हाती पडतो, तेव्हा बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. स्टेंट नाही, बायपास नाही, मोठे संकट टळले. झटका आलेल्या शंभरांपैकी साधारण सहा जणांच्या वाट्याला असा रिपोर्ट येतो, असे जगभरच्या अभ्यासांचा 2015 साली घेतलेला एकत्रित आढावा सांगतो. पण या माणसांच्या रक्तात हृदयस्नायूला इजा झाल्याचे सांगणारे ट्रोपोनिन वाढलेले असते, ईसीजी बदललेला असतो, काहींच्या हृदयस्नायूचा एक तुकडा कायमचा मेलेला असतो. धमनी मोकळी आहे, तर स्नायू मेला कशाने? याला एकाहून अधिक उत्तरे आहेत. त्यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत जास्त वेळा विसरले गेलेले उत्तर असे, की हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी काही वेळ आखडली आणि मग सुटली. डॉक्टर याला स्पाझम म्हणतात. या उत्तराचा अडीचशे वर्षांचा इतिहास तपासला, तर ते पुराव्याने खोटे ठरले आणि म्हणून टाकून दिले गेले, असे एकदाही झालेले दिसत नाही. ज्या काळात वैद्यकाची भिस्त ज्या साधनावर होती, त्या साधनाला मागे उरलेले तेवढेच दिसत होते, आणि आखडून सुटलेली धमनी मागे काहीच ठेवत नाही. झटक्यानंतरच्या आयुष्याचा अंदाज बांधताना आजही आपण त्याच जुन्या चुकीत अडकलो आहोत, आणि ती रुग्णांना महागात पडते, असे माझे म्हणणे आहे.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन यांनी 1768 साली छातीच्या एका दुखण्यावर निबंध वाचला. तो 1772 मध्ये छापून आला. 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव त्यांचेच. चढ चढताना, विशेषतः जेवणानंतर चालताना छाती आवळून येते आणि थांबले की दुखणे नाहीसे होते, हे त्यांचे वर्णन प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असते. हे दुखणे कोणत्या जातीचे, याचाही विचार त्यांनी केला होता, तो मात्र फारसा कुणी आठवत नाही. ते दाहाचे नसून पेटक्याच्या जातीचे असावे, असे त्यांना वाटले. त्यांची कारणे पाहण्यासारखी आहेत. दुखणे अचानक येते आणि अचानक जाते. मधल्या काळात माणूस ठणठणीत असतो. मद्याने आणि अफूने उतार पडतो. मन अस्वस्थ झाले की ते बळावते. आणि काहींना ते रात्री, पहिली झोप झाल्यावर गाठते. कोरोनरी धमन्यांशी या दुखण्याचा संबंध हेबर्डन यांना ठाऊक नव्हता. तरीही जिवंत रुग्णांची हकीकत ऐकून, दुखण्याच्या वेळा आणि त्याचे येणे-जाणे यांवरून त्यांनी जी दिशा दाखवली, ती पुढच्या दीडशे वर्षांतल्या कितीतरी पंडितांपेक्षा सरस होती. पोटरीत गोळा आला की माणूस कळवळतो, आणि गोळा गेल्यावर पाय चिरून पाहिला तरी काही सापडत नाही; हेबर्डन यांना छातीत असेच काही घडत असल्याचा संशय होता.

पण वैद्यक निघाले होते चिरून पाहण्याच्याच वाटेने. निबंधाचा गोषवारा वाचून एका अनामिक गृहस्थाने हेबर्डन यांना पत्र लिहिले: हे दुखणे मला आहे, मी अचानक गेलो तर माझा देह तपासावा. पुढे थोड्याच आठवड्यांत ते वारले. विच्छेदन केले त्या काळचे सर्वांत नामांकित शल्यविशारद जॉन हंटर यांनी, आणि हजर होता त्यांचा तरुण शिष्य, पुढे देवीच्या लसीने जगप्रसिद्ध झालेला एडवर्ड जेन्नर. हृदयात दोष सापडला नाही. कोरोनरी धमन्या उघडून पाहण्याचे मात्र कुणाच्या मनात आले नाही. काही वर्षांनी दुसऱ्या एका रुग्णाचे हृदय कापताना जेन्नर यांच्या सुरीला काहीतरी कठीण, खरखरीत लागले. छत जुने होते, त्याचा गिलावा पडला असावा असे वाटून त्यांनी वर पाहिले. मग लक्षात आले की कोरोनरी धमनीच हाडासारखी कडक झाली आहे. बाथ शहरातले त्यांचे स्नेही केलेब पॅरी यांनी 1799 साली हे निरीक्षण आपल्या पुस्तकात छापले. स्वतः हंटर यांनाही अँजायना होता. 16 ऑक्टोबर 1793 रोजी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली आणि ते तिथल्या तिथे कोसळले. त्यांच्याही धमन्या कडक झालेल्या निघाल्या. शोध मोठा होता यात शंका नाही. आजच्या सगळ्या हृदयोपचाराचा पाया तिथे घातला गेला. तरी एक प्रश्न तेव्हाही विचारायला हवा होता. हंटर यांच्या धमन्या त्या सकाळीही तितक्याच कडक होत्या, आदल्या महिन्यातही तितक्याच. मग त्या बैठकीत, त्या क्षणी असे काय बदलले? मृतदेहाला हा प्रश्न विचारता येत नाही, म्हणून तो विचारलाच गेला नाही.

औषधाच्या बाजूने मात्र पुरावा साचत होता. एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत थॉमस लॉडर ब्रंटन या कोवळ्या वयाच्या डॉक्टरांसमोर एक तरुण रुग्ण होता. त्याला रात्री कळा येत. कळ आली की त्याची नाडी बारीक आणि ताठ होते, हे ब्रंटन यांनी नाडी-आलेखावर पाहिले. रक्तवाहिन्या सैल करणारे अमिल नायट्राइट त्यांना माहीत होते. कापडावर काही थेंब टाकून त्यांनी ते रुग्णाला हुंगायला दिले आणि मिनिटाच्या आत कळ थांबली. 1867 साली हे 'लॅन्सेट'मध्ये आले. ट्युरिनच्या अस्कानियो सोब्रेरो यांनी 1847 मध्ये तयार केलेले नायट्रोग्लिसरीन 1879 साली लंडनच्या विल्यम मरेल यांनी अँजायनावर वापरात आणले. त्याआधी त्यांनी त्याची चव स्वतः घेऊन पाहिली होती, आणि डोके ठणकून निघाले होते. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या खिशात असणारी, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच कुळातली. रक्तवाहिनी सैल करणाऱ्या औषधाने मिनिटात उतार पडतो, तर रक्तवाहिनीच्या आवळण्याशी दुखण्याचा संबंध असू शकतो, एवढा तर्क कुणालाही सुचावा. तो अनेकांना सुचलाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम ऑस्लर यांच्यासारखा दबदब्याचा वैद्य कोरोनरी धमनीच्या आकुंचनाची शक्यता गंभीरपणे मांडत होता.

मग हा विचार गेला कुठे? त्याला बाजूला सारणारे लोक हलके नव्हते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1912 साली दाखवून दिले की कोरोनरी धमनीत गुठळी होऊनही माणूस जगू शकतो आणि हा आजार जिवंतपणी ओळखता येतो. आरंभी त्यांचे कुणी ऐकले नाही. ईसीजी रुळल्यावर सगळे ऐकू लागले. 1928 साली कीफर आणि रेस्निक यांनी अँजायनाचा सगळा पुरावा एकत्र करून मांडले की हृदयाची प्राणवायूची गरज वाढते, अरुंद धमनी ती पुरवू शकत नाही, म्हणून छाती दुखते. आकुंचनाची कल्पना त्यासाठी लागत नाही. मांडणी सुबक होती आणि चालताना दुखणाऱ्या रुग्णांपुरती बरोबरही होती. तिच्या जोडीला एक सोपा युक्तिवाद आला: चरबी आणि कॅल्शियमने कडक झालेली धमनी आखडेलच कशी? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो धमनीचा आडवा काप नीट न पाहिल्याने तग धरून राहिला. थर पुष्कळदा भिंतीच्या एकाच बाजूला साचतो. दुसऱ्या बाजूचा स्नायू शाबूत असतो. धमनी आधीच अर्धी भरलेली असेल, तर त्या शाबूत बाजूने थोडे अंग चोरले तरी वाट बंद होते. म्हणजे कडकपणा आणि आखडणे यांचे वैर नाही, उलट एकाने दुसऱ्याचे काम सोपे होते. तरीही जवळपास तीस वर्षे 'स्पाझम' हा शब्द उच्चारणे म्हणजे निदान न जमल्याची कबुली, असा समज रूढ झाला.

या समजाला पहिला तडा दिला लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिन्झमेटल यांनी. 1959 साली त्यांनी सहकाऱ्यांसह अशा रुग्णांचे वर्णन छापले, ज्यांची छाती चालताना दुखतच नव्हती. ती दुखे विश्रांतीत, रात्री, पुष्कळदा रोज त्याच सुमारास. नेहमीच्या अँजायनात ईसीजीवरचा एसटी हा भाग खाली उतरतो. यांच्यात तो मोठ्या झटक्यात चढतो तसा वर चढे आणि काही मिनिटांत जागेवर येई. धमनीतल्या एखाद्या अरुंद जागी भिंतीचा ताण अधूनमधून वाढत असावा, असा प्रिन्झमेटल यांचा अंदाज होता. त्यांनी टिपलेली आणखी एक गोष्ट या लेखाच्या दृष्टीने मोलाची आहे: अशा रुग्णाला पुढे झटका आला, तर तो हृदयाच्या त्याच भागात येई, जो भाग आधीच्या कळांत ईसीजीवर दिसत होता. कळ येऊन जाते, पण ती पुढच्या धोक्याचे ठिकाण सांगून जाते, ही जाणीव इथे पहिल्यांदा स्पष्ट झाली. हे सगळे त्यांनी जिवंत रुग्णाच्या उशाशी बसून, ऐन कळेच्या वेळी ईसीजी काढून मिळवले होते.

दरम्यान नवे साधन आले होते. क्लीव्हलँडमध्ये 1958 साली मेसन सोन्स एका तरुण रुग्णाच्या महाधमनीत रंगद्रव्य सोडत असताना नळीचे टोक चुकून उजव्या कोरोनरी धमनीत शिरले आणि सगळा रंग तिथे गेला. रुग्णाचे हृदय क्षणभर थांबले, खोकायला सांगितल्यावर पुन्हा सुरू झाले. त्या अपघातातून कोरोनरी अँजिओग्राफी जन्माला आली. आता जिवंत माणसाची धमनी दिसू लागली, म्हणजे आखडणेही दिसायला हवे होते. काही वेळा ते दिसलेही, पण नळीच्या टोकाच्या स्पर्शानेही धमनी आकसते हे लक्षात आल्यामुळे डॉक्टर ते नळीचेच कर्तृत्व मानून सोडून देत. शिवाय अँजिओग्राफी होते दिवसा. या रुग्णांच्या धमन्या आखडतात उत्तररात्री. धमन्या नीट दिसाव्यात म्हणून आधीच नायट्रोग्लिसरीन देण्याची पद्धत पडली. म्हणजे जे शोधायचे तेच औषध देऊन पुसून टाकायचे आणि मग नाही म्हणून लिहायचे. मृतदेहाच्या टेबलावर झालेली चूक एक्स-रेच्या टेबलावर अशी पुन्हा घडली. अखेर 1973 साली डेन्व्हरच्या ऑलिव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्झमेटल यांनी वर्णिलेल्या अँजायनाच्या ऐन कळेत धमनी आवळलेली आणि नायट्रोग्लिसरीनने ती मोकळी झालेली, अशी दोन्ही चित्रे छापली.

याच सुमाराला एक पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आला, आणि माझ्या मते सगळ्या इतिहासात त्याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही. डायनामाइटच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार नायट्रोग्लिसरीन हाताळत. ते त्वचेतून आणि श्वासातून अंगात जाई. सोमवारी कामावर आले की डोके ठणके, दोन दिवसांत शरीर सरावे, रविवारच्या सुटीनंतर पुन्हा ठणके. डोकेदुखीपर्यंत ठीक होते. पण यांतल्या काहींना सुटीच्याच दिवशी छातीत कळा येत, काही अचानक मरत. 1972 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या डॉक्टरांनी अशा नऊ कामगारांची हकीकत प्रसिद्ध केली. पाच जणांच्या धमन्यांची अँजिओग्राफी झाली. ब्लॉकेज कुणाच्याही नव्हते. एकाची धमनी तपासणी चालू असतानाच आखडली आणि नायट्रोग्लिसरीन दिल्यावर सुटली. धमनी सैल ठेवणाऱ्या रसायनाची सवय लागलेले शरीर ते रसायन बंद होताच उलट बाजूला जाते, आणि चरबीचा थर नसलेल्या माणसाचाही प्राण जाऊ शकतो. या कामगारांनी आपल्या जिवाच्या मोलाने जो पुरावा दिला, तो हृदयरोगाच्या पाठ्यपुस्तकांत आजही चार ओळींत उरकलेला असतो, याचे मला वाईट वाटते.

शंका उरली ती ही, की हे सारे दुर्मिळ नमुने आहेत. सर्वसाधारण झटक्याशी त्यांचा काय संबंध? या शंकेला भिडले इटलीतल्या पिसाचे अत्तिलिओ मासेरी. त्यांनी विश्रांतीत दुखणाऱ्या रुग्णांना रात्रंदिवस मॉनिटरवर ठेवले आणि कळेच्या आधीच्या मिनिटांत काय होते ते पाहिले. हृदयाची गरज वाढून दुखत असते, तर आधी नाडी आणि रक्तदाब वाढायला हवा होता. तसे होत नव्हते. आधी रक्तपुरवठा तुटे, मग ईसीजी बदले, आणि दुखणे सर्वांत शेवटी जाणवे. काही वेळा तर जाणवतही नसे. 1928 ची सुबक मांडणी या रुग्णांपुरती तरी कोसळली. 1978 साली मासेरी यांनी पुढचे पाऊल टाकले: स्पाझम हे झटक्याचे संभाव्य कारण आहे. त्याच्या आदल्याच वर्षी ऑलिव्हा यांनी झटका सुरू झाल्यापासून 12 तासांच्या आत तपासलेल्या 15 रुग्णांपैकी सहा जणांच्या धमनीत आकुंचनाचा भाग असल्याचे दाखवले होते.

आणि तेवढ्यात पारडे पुन्हा उलटले. 1980 साली वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी मार्कस डिवुड यांनी झटक्यानंतर चार तासांच्या आत अँजिओग्राफी केलेल्या रुग्णांचा अहवाल छापला: शंभरात 87 जणांची धमनी पूर्ण बंद, आणि पुष्कळांत गुठळी. युरोपात गुठळी विरघळवण्याचे उपचार सुरू झाले, तेव्हा आधी धमनीत नायट्रोग्लिसरीन सोडून पाहत. बहुतेकांची धमनी त्याने उघडत नसे, गुठळी विरघळवल्यावर उघडे. झटक्याचे मुख्य कारण गुठळीच, यावर शिक्कामोर्तब झाले. स्पाझमवाल्यांनी हा निकाल मान्य केला पाहिजे आणि मीही तो पूर्ण मान्य करतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि तातडीची अँजिओप्लास्टी यांनी जितके जीव वाचले, तितके स्पाझमच्या सिद्धान्ताने वाचवलेले नाहीत. पण या निकालातून जो अर्थ काढला गेला तो त्यात नव्हता. डिवुड यांच्याच अहवालात 12 ते 24 तासांनी तपासलेल्यांत पूर्ण बंद धमनीचे प्रमाण 65 टक्क्यांवर उतरलेले आहे. बंद वाट आपोआप उघडते, हे त्यातच नोंदलेले आहे. गुठळी सापडली याचा अर्थ धमनी आखडली नव्हती, असा होत नाही. जपानमध्ये पुढे असे दिसले की धमनी आखडली की रक्तात गुठळी बनण्याची प्रक्रिया जागी झाल्याच्या खुणा वाढतात. आवळलेल्या धमनीत रक्त साकळते, साकळलेल्या रक्तातले घटक तिला आणखी आवळायला लावतात. दोघांपैकी एकालाच आरोपी करण्याचा हट्ट चुकीचा होता.

धमनी का आखडते, याचाही धागा त्याच वर्षी हाती आला. रॉबर्ट फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी 1980 साली दाखवले की अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन धमनीचे आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तर तिला सैल करते, अस्तर खरवडले असेल तर आवळते. अस्तरातून सुटणारे ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड निघाले, म्हणजे नायट्रोग्लिसरीनपासून शरीरात जे मिळते तेच. या संशोधनाला 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कुमामोतोचे हिरोफुमी यासुए यांनी याचा रुग्णासाठी उपयोग केला. 1986 साली त्यांनी कोरोनरी धमनीत थेट अ‍ॅसिटिलकोलीन सोडून स्पाझम तपासण्याची पद्धत मांडली. त्याआधी, 1979 साली, त्यांनी एक साधा आणि अप्रतिम प्रयोग केला होता: प्रिन्झमेटल अँजायनाच्या 13 रुग्णांना पहाटे व्यायाम करायला लावला तर तेराही जणांना कळ आली, त्याच रुग्णांनी दुपारी तोच व्यायाम केला तेव्हा फक्त दोघांना. दुपारी ओपीडीत ट्रेडमिल टेस्ट 'निगेटिव्ह' आली म्हणून घरी पाठवलेल्या रुग्णांचा विचार हे आकडे वाचताना मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता प्रश्न पुढच्या आयुष्याचा. इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो: स्पाझमचे रुग्ण चांगले जगतात, मग एवढा आग्रह कशाला? आक्षेपाला आधार आहे. यासुए यांनी 1988 साली अशा 245 रुग्णांचा दीर्घकाळचा हिशेब मांडला. पाच वर्षांनी 97 टक्के आणि दहा वर्षांनी 93 टक्के हयात होते. फक्त एवढेच वाचले तर निश्चिंत व्हायला हरकत नाही. पण त्याच हिशेबात झटका न येता जगलेल्यांचे आकडे शेजारी आहेत: एका वर्षाने 86 टक्के, तीन वर्षांनी 85, पाच वर्षांनी 83, दहा वर्षांनी 81. म्हणजे पहिल्याच वर्षात शंभरांतले चौदा जण गाठले गेले, आणि पुढच्या नऊ वर्षांत मिळून फक्त पाच. धोका आरंभी दाटलेला आहे, निदानाच्या आसपासच्या काळात. निदान लांबले, तर रुग्ण नेमके तेच महिने औषधाविना काढतो. शिवाय हे रुग्ण ओळखले गेलेले, बहुतेक करून धमनी सैल ठेवणारे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर घेणारे रुग्ण होते, आणि हे औषध घेणे हाच चांगल्या परिणामाशी जोडलेला एक घटक निघाला. न ओळखलेल्या रुग्णाला हे आकडे लावणे म्हणजे औषध घेणाऱ्याचा रिपोर्ट औषध न घेणाऱ्याच्या हातात देणे.

झटका येऊन गेला आहे आणि धमन्या मोकळ्या आहेत, अशा रुग्णांचे काय होते? स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदणीतल्या अशा 9,136 रुग्णांचा सरासरी चार वर्षे पाठपुरावा झाला. त्यांच्यातल्या जवळजवळ 24 टक्क्यांना मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हार्ट फेल्युअर यांपैकी काहीतरी भोगावे लागले. 'ब्लॉकेज नाही' म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकलेल्यांची ही गत आहे. रोममध्ये मोंतोने आणि सहकाऱ्यांनी अशाच 80 रुग्णांची स्पाझमसाठी तपासणी केली आणि 2018 मध्ये निष्कर्ष छापले. 37 जणांत धमनी, मोठी किंवा सूक्ष्म, आखडत असल्याचे दिसले. सुमारे तीन वर्षांत या 37 पैकी 12 दगावले. उरलेल्या 43 पैकी दोन. संख्या लहान आहे, अभ्यास एकाच केंद्रातला आहे, आणि त्यावरून टक्केवारी पाठ करणे योग्य नाही. तरी फरक इतका मोठा आहे की झटक्यानंतरचा स्पाझम निरुपद्रवी मानण्याची मुभा तो देत नाही. सगळ्यांचा धोका सारखा नसतो हेही खरे. जपानी कोरोनरी स्पाझम असोसिएशनने 1,429 रुग्णांवरून धोक्याची गुणपद्धती 2013 साली मांडली. हृदय अचानक बंद पडून वाचलेला रुग्ण सर्वांत वरच्या पायरीवर. त्याखाली धूम्रपान, फक्त विश्रांतीत येणाऱ्या कळा, जोडीला ब्लॉकेज आणि एकाहून अधिक धमन्यांचे आखडणे. खालच्या गटात दर शंभरी अडीच जणांना गंभीर घटना घडल्या, वरच्या गटात तेरा जणांना. पण गुण मांडायचे तर आधी आजार शोधावा लागतो.

हा जपानी लोकांचा आजार आहे, असा दुसरा आक्षेप. जपानी धमन्या अधिक सहज आखडतात याचा पुरावा आहे. झटक्यानंतर अ‍ॅसिटिलकोलीन देऊन जपानी आणि इटालियन रुग्णांची तुलना 2000 साली झाली, तेव्हा जपान्यांत स्पाझम स्पष्टपणे जास्त दिसला. पण वर सांगितलेले रोमचे रुग्ण जपानी नव्हते. जर्मनीतल्या स्टुटगार्ट इथे छातीत दुखणाऱ्या, पण धमन्या मोकळ्या असलेल्या रुग्णांची हीच तपासणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांत ती पॉझिटिव्ह आली. जिथे शोधतात तिथे सापडतो आणि जिथे शोधत नाहीत तिथे दुर्मिळ असतो, हे दुर्मिळपणाचे लक्षण मानता येणार नाही. तिसरा आक्षेप तपासणीच्या धोक्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. आरंभीच्या काळात शिरेतून अर्गोनोव्हिन हे औषध देऊन स्पाझम घडवला जाई. तो काही वेळा सुटला नाही आणि रुग्ण दगावले. तो धडा विसरू नये. अ‍ॅसिटिलकोलीन मात्र धमनीतच दिले जाते, त्याचा अंमल थोडा वेळ टिकतो, आणि नळी जागेवर असल्यामुळे नायट्रोग्लिसरीन तत्काळ आत सोडता येते. सराव असलेल्या केंद्रात गंभीर गुंतागुंत क्वचित होते. सरसकट सर्वांची तपासणी करा असे कुणीही म्हणत नाही. मोकळ्या धमन्यांनिशी झटका आलेल्या आणि विश्रांतीत दुखणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र अनुत्तरित ठेवू नये.

कारण उत्तरावरून औषध बदलते. झटक्यानंतर बीटा-ब्लॉकर देण्याची रीत 1981 च्या नॉर्वेतल्या टिमोलॉल चाचणीने आणि 1982 च्या अमेरिकेतल्या प्रोप्रॅनोलॉल चाचणीने पक्की केली. ब्लॉकेजच्या रुग्णांत त्या काळी त्याने जीव वाचले. पण त्याच 1982 साली हेही नोंदले गेले की स्पाझमच्या रुग्णात प्रोप्रॅनोलॉलने कळ लांबू शकते, आणि जपानी गुणपद्धतीत बीटा-ब्लॉकर घेणे हा धोक्याचा एक गुण आहे. म्हणजे निदान न झालेल्या रुग्णाला मिळायला हवे ते औषध मिळत नाही आणि नको ते मिळते. स्टेंटने धमनीचा एक तुकडा ताठ उभा राहतो, शेजारचा आखडायला मोकळाच असतो. या रुग्णाला लागतात कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, नायट्रेट, सिगारेट कायमची बंद करण्याची मदत, आणि दीर्घकाळचा पाठपुरावा. यांतले काहीही महाग नाही.

म्हणून ज्यांच्या घरी झटका येऊन गेला आहे आणि अँजिओग्राफी नॉर्मल आली आहे, त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारावे: मग झटका आला कशाने, आणि स्पाझमचा विचार झाला आहे का? कळ कोणत्या वेळी आली, तेव्हा माणूस काय करत होता, जिभेखालच्या गोळीने किती मिनिटांत थांबली, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे आणि ती वही प्रत्येक भेटीत समोर ठेवावी. पहाटे कळ येत असेल तर पहाटेच दवाखाना गाठून ईसीजी काढून घ्यावा, सकाळपर्यंत थांबू नये. आणि बरे वाटू लागले म्हणून कॅल्शियम चॅनेल ब्लॉकरची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.